काट्याचं फूल

माझ्या वडलांचं नाव एका फुलाचं आहे. कोणत्या, ते मी इथे लिहिणार नाही. आईने लग्नानंतर ते कधी उघड उच्चारलं नाही, आणि हे लिखाण तिच्याविषयी आहे, म्हणून तिचा नेम मीही पाळते. वाचणाऱ्याला ते कळेलच. लपवून ठेवण्यासारखं त्यात काही नाही.

आमच्याकडे माण तालुक्यात आईच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, यात नवल नाही. पण नावच फुलाचं असल्यामुळे आईला ते फूलही वर्ज्य झालं होतं. ती त्याला ‘काट्याचं फूल’ म्हणायची. त्या रंगाचं लुगडं कुणी नेसलं तर ते ‘फिकं तांबडं’. लग्नाच्या पंगतीत त्या नावाची मिठाई आली की ‘त्ये पाकातलं वाढा हिला’. मला लहानपणी वाटायचं की त्या मिठाईचं नावच ‘पाकातलं’ आहे. पुढे दहिवडीला वसतिगृहात राहायला गेल्यावर एकदा सणाला मी तसं मागितलं, तेव्हा मुली इतक्या हसल्या की वर्षभर मला ‘पाकातली’ म्हणत.

उखाण्यात नाव घ्यायची मुभा असते. आई उखाणा घ्यायची, पण घाईघाईने, आणि शेवटचा शब्द तोंडाशी आला की पदर ओढून घ्यायची. तो शब्द पदराच्या आतच राहायचा. बायका म्हणायच्या, आम्हाला काही ऐकू आलं नाही, पुन्हा घे. त्यावर आईचं ठरलेलं उत्तर होतं, “ज्येनं ऐकायचं त्येनं ऐकलं.”

मला शाळेत घातलं तेव्हा तात्या मुंबईला होते. माझे वडील म्हणजे तात्या. तिकडे बाजारात पोती उचलायचे आणि जत्रेला, दिवाळीला गावी यायचे. हेडमास्तरांनी आईला विचारलं, मुलीच्या वडलांचं नाव काय. आई गप्प. मास्तरांनी पुन्हा विचारलं. आईने मला पुढे ढकललं आणि म्हणाली, “सांग की गं.” मी सांगितलं. घरासाठी केलेलं माझं पहिलं काम ते.

आईला अक्षरओळख नव्हती. पण संध्याकाळी शेळ्यांच्या धारा काढताना ती मला शेजारी बसवून मोठ्याने वाचायला लावायची. विषय कोणताही असो, इतिहास असो नाहीतर बेडकाची पचनसंस्था. मी थांबले की मान वर न करता विचारायची, “फुडं?” तात्या मुंबईला, घरात दुसरं कोणी शिकलेलं नाही, अशा घरातून मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले आणि आज सांगलीत एका शाळेत विज्ञान शिकवते, ते त्या ‘फुडं’मुळे. हे मी कधी तिला नीट सांगितलं नाही. आमच्यात असं सांगत नाहीत.

तात्या एव्हाना मुंबई सोडून गावीच राहत होते. गेल्या वर्षी बाजरीच्या काढणीच्या दिवसांत आई शेळ्यांच्या वाड्यात पडली. अंगावरून वारं गेलं, असं गावाने ओळखलं आणि ते खरंच होतं. उजवा हात, उजवा पाय आणि तोंड. दहिवडी, तिथून मायणी, विट्यावरून सांगली, असं करत ती माझ्यापर्यंत आली तोवर रक्ताची गाठ विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ निघून गेली होती. जीव वाचला. महिन्याभरात ती धरून चालायला लागली. डाव्या हाताने जेवायला लागली. बोलणं मात्र गेलं ते गेलं. एकच शब्द उरला: आवं.

तात्यांना ती जन्मभर याच शब्दाने हाक मारत आली. आता तहान लागली तरी ‘आवं’, पाय दुखला तरी ‘आवं’, खिडकीवर कावळा बसला तरी ‘आवं’. सूर वेगवेगळे. रागाचा ‘आवं’ खणखणीत, लाडाचा खालच्या पट्टीतला. वाचाउपचार करणाऱ्या ताईंनी तिला एक, दोन, तीन म्हणायला लावलं, तर तिने अंक मोजण्याच्या अगदी बरोबर चालीवर आवं, आवं, आवं म्हटलं. चाल होती, शब्द नव्हते.  तात्या मात्र हसले. म्हणाले, “जलमभर हिनं मलाच मोजलं, आता बी मोजतीया.”

सांगलीत तिला ठेवलं होतं त्याच रुग्णालयात मेंदूविकाराच्या डॉक्टरबाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं की इथे एक अभ्यास चालू आहे. मेंदूचा बोलण्याचा जो भाग दुखावला आहे, त्याच्यावर डोक्याच्या बाहेरून अगदी सौम्य विजेचा प्रवाह काही मिनिटं सोडायचा, आणि ते चालू असतानाच बोलण्याचा सराव घ्यायचा. शस्त्रक्रिया नाही, सुई नाही, भूल नाही. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज पट्टीने डोक्याला बांधायचे, आणि काडेपेटीच्या बंडलाएवढा एक बॅटरीवरचा डबा. गुण येईलच असं नाही. येतो का, हेच पाहायचं आहे.

तात्यांनी एवढं सगळं ऐकून एकच शब्द धरला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “येड्यास्नी शॉक देत्यात, तसलं न्हवं का ह्ये?” मी म्हटलं, नाही, त्याचा आणि याचा संबंध नाही, हा करंट इतका कमी असतो की जिभेला बॅटरी लावल्यावर झिणझिण होतं त्यातलाच प्रकार. मी सातवी-आठवीच्या मुलांना वीज शिकवते. तात्यांना मी त्याच आवाजात शिकवत होते, हे माझ्या लक्षात आलं.

मग मी दुसरी गोष्ट सांगितली, जी सांगणं भाग होतं. अभ्यासातल्या निम्म्या लोकांना खरा प्रवाह मिळतो. उरलेल्यांना सुरुवातीला जरा वेळ देऊन तो हळूच बंद केला जातो. स्पंज तसेच, डबा तसाच. कोणाला कोणता, हे रुग्णाला माहीत नसतं, घरच्यांना नसतं आणि तपासणाऱ्यालाही नसतं.

तात्या बाकड्यावर बसले. म्हणाले, म्हणजे आजाऱ्याला फसवायचं. मी म्हटलं, फसवणं नाही, आधीच सांगून करतात. आपण नवीन खत घातलं तर एक वाफा बिनखताचा ठेवतो की नाही, त्याशिवाय खताने आलं की पावसाने आलं ते कसं कळणार.

“रानाला कळत न्हाई गं,” ते म्हणाले. “माणसाला कळतं.”

 

संमती घेताना आणखी एक अडचण आली. डॉक्टरबाईंनी आईला सावकाश, सोप्या शब्दांत सगळं समजावलं आणि विचारलं, तुमची तयारी आहे का. आईने मान हलवली. मग त्यांनी विचारलं, तुम्ही पुरुष आहात का. आईने तशीच मान हलवली. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तात्या घाईने म्हणाले, “आवं बाई, पावण्यांफुडं मान हलवायची तिला पैल्यापास्नं सवय हाय.” डॉक्टरबाई म्हणाल्या, असेलही. पण याचा अर्थ त्यांना किती समजतंय हे मला सांगता येत नाही, म्हणून त्यांच्या वतीने तुम्हा दोघांना ठरवावं लागेल, आणि त्यांनी कधीही नको म्हटलं, हाताने जरी स्पंज ढकलला, तरी आपण थांबवायचं. तात्यांनी माझ्याकडे बघितलं. “तू शिकल्याली हायस.” म्हणजे तू ठरव. माझ्या शिक्षणाचं एवढं ओझं मला कधी वाटलं नव्हतं.

मी हो म्हटलं.

पहिल्या दिवशी आधी चाचणी झाली. वाचाउपचाराच्या ताई पुण्याच्या होत्या, लहान वयाच्या, फार प्रेमळ. त्यांच्याकडे चित्रांचा गठ्ठा होता. एकेक चित्र दाखवायचं आणि हे काय आहे विचारायचं. काही मदत करायची नाही, थोडं थांबायचं, पुढचं चित्र काढायचं. तात्या आणि मी मागे खुर्च्यांवर बसलो होतो. गाय. आई म्हणाली, “आवं.” छत्री. “आवं.” कुलूप. “आवं.” हत्तीला तर तिने मोठ्या कौतुकाने ‘आवं’ म्हटलं. मग एक फुलाचं चित्र आलं. लांब देठ, दोन पानं, खाली काटेही काढलेले.

आईने चित्र पाहिलं, तोंड मिटलं आणि मान खाली घातली.

ताई थांबल्या. नियमाप्रमाणे जितकं थांबायचं तितकं थांबल्या. आई काही बोलली नाही. पुढचं चित्र विळ्याचं होतं. “आवं,” आई म्हणाली, लगेच.

तात्यांनी माझा हात दाबला. असं त्यांनी पूर्वी कधी केल्याचं मला आठवत नाही. बाहेर आल्यावर ते जिन्यातच थांबले. “बगितलंस? समद्याला आवं म्हणाली. हितं गप बसली. का बसली?” आणि मग स्वतःच म्हणाले, “वळखती ती. आत हाय तुझी आई. समदी हाय.”

मी ताईंना जाऊन सांगितलं की माझ्या वडलांचं नाव तेच आहे, आई ते घेत नाही. त्यांना फार नवल वाटलं. त्यांनी तसा शेरा लिहिला. पण चित्र बदलता येणार नाही म्हणाल्या, सगळ्यांना तीच चित्रं असतात. डॉक्टरबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, तुमच्या वडलांचं बरोबर असू शकेल. कदाचित त्या क्षणी त्या दमल्याही असतील. एका चित्रावरून सांगू नये. म्हणता येत नाही की म्हणायचं नाही, हे बाहेरून सारखंच दिसतं.

तात्यांना मी यातलं अर्धंच सांगितलं. त्यांनी ती शांतता उराशी धरली होती. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे. सांगलीतल्या आमच्या घरमालकीण जैन आहेत, दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या. त्या रोज लवकरच मऊ खिचडी घेऊन वर यायच्या. त्यांना तात्यांनी गायीपासून विळ्यापर्यंत सगळी चित्रं क्रमाने सांगितली. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, माझ्या सासूनेही कधी घेतलं नाही हो, पण तिला काही कुणी चित्र दाखवलं नव्हतं.

मग रोजचं सुरू झालं. शाळा सुटली की मी थेट रुग्णालयात जायची. तात्या आईला रिक्षाने आधीच आणून बसलेले असायचे. डोक्याला तेल नको, असं सांगितलं होतं. आईचं डोकं कोरडं कधी पाहिलं नव्हतं मी. तिचे केस वाऱ्यावर उडायचे आणि ती एकदम कुणी दुसरीच वाटायची. एक स्पंज डावीकडे कानाच्या वर, दुसरा उजव्या भुवईवर. कपाळ पुसताना कुंकू गेलं तेव्हा आईने डाव्या हाताने मदतनीस बाईचं मनगट घट्ट पकडलं. सगळे थबकले. थांबवायचं ठरलं होतं. पण आईने स्पंज ढकलला नाही. तिने तात्यांकडे बोट केलं आणि रागाचा ‘आवं’ म्हटला. त्या बाईंच्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवसापासून त्या खिशात कुंकवाची डबी ठेवायला लागल्या. पट्टी सुटली की आधी कुंकू, मग बाकीचं.

डबा सुरू झाला की आई डोकं खाजवायची. तात्यांना आनंद व्हायचा. “लागतंय म्हंजे खरा हाय.” मी सांगितलं, खोट्यातही सुरुवातीला लागतंच. त्यांचं तोंड उतरलं. नंतर मला वाटलं, हे मी का सांगितलं. त्यांना तेवढं तरी राहू द्यायला हवं होतं. पण आधी सांगून मग लपवणं मला जमेना.

सराव असायचा तो ताईंचा. चित्र दाखवायचं, पहिला आवाज द्यायचा, ओठ कसे करायचे ते दाखवायचं. फुलाचं चित्र सरावात नव्हतं, ते फक्त चाचणीत होतं. घरी मी घ्यायची. पाणी, चहा, भाकरी, शेळी. आई माझ्या ओठांकडे बघायची, तिच्या कपाळावर घाम यायचा, ओठ माझ्यासारखे व्हायचे आणि ऐन वेळी ‘आवं’ बाहेर पडायचं. मग ती हात झटकायची. मी म्हणायची, “फुडं?” ते माझ्या तोंडून तिच्याच आवाजात जायचं. ती माझ्याकडे बघत राहायची.

दिवस गेले. एका सकाळी तिने ताटलीतले पोहे सारून ‘न्हाई’ म्हटलं. इतकं स्वच्छ की मी हातातलं भांडं ठेवून दिलं. मग ‘च्या’ आला. मग माझ्या नवऱ्याला बघून ‘बस’. मी त्याला नावाने हाक मारते, हे तिला कधी आवडलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाली होती, “कुत्र्याला बी आपून जरा दमानं हाक मारतू.” ती आता नुसतंच ‘बस’ म्हणाली, तरी तो पळत आला.

हे प्रवाहाने झालं का, असं मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पहिल्या काही महिन्यांत मेंदू स्वतःहूनही सावरतो. सराव आहे, घरचं बोलणं आहे. त्यातलं कशाने किती, हे एका माणसात कळत नाही, म्हणून तर एवढ्या जणांना घ्यावं लागतं. मला पटलं. मी विज्ञान शिकवते. पण जिन्यातून उतरताना वाटलं, मला एवढ्या जणांचं नकोच आहे, मला एकीचंच हवं आहे.

सगळे दिवस संपल्यावर पुन्हा तीच चाचणी. तोच गठ्ठा, त्याच खुर्च्या. डॉक्टरबाईही येऊन बसल्या होत्या. गाय. आई थांबली, ओठ हलले, “गा.” ताईंचे डोळे चमकले. छत्री नाही आली. कुलूप नाही. हत्तीला ‘बस’ म्हणाली, आम्ही हसलो, तीही हसली. तात्या खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसले होते. मला ठाऊक होतं ते कशाची वाट बघत होते.

फूल आलं.

आईने चित्राकडे पाहिलं आणि वडलांचं नाव घेतलं. पूर्ण, स्वच्छ, अंगणातून शेतातल्या माणसाला हाक मारावी एवढ्या मोठ्याने. पदर नाही, काही नाही. चित्राकडे बघत, हसऱ्या तोंडाने.

ताईंनी नकळत टाळी वाजवली. डॉक्टरबाई सहसा हसत नाहीत, त्याही हसल्या. त्यांना काय दोष द्यायचा. बोलणं गेलेल्या बाईने तीन अक्षरांचा अवघड शब्द कोणाच्याही मदतीशिवाय म्हटला होता. मीही हसले असेन. मग पाहिलं तर तात्यांची खुर्ची रिकामी होती.

ते बाहेर पाण्याच्या टाकीजवळ उभे होते. नळ चालू होता आणि ते हात धूत होते, बराच वेळ. मी म्हटलं, तात्या, चांगलं झालं की. त्यांनी नळ बंद केला.

“येवढं एकच राखलं हुतं तिनं,” ते म्हणाले.

मी समजावायला गेले. शब्द परत येतोय, पहिल्यांदा कुठला येईल हे आपल्या हातात नसतं. ते ऐकत होते, पण मान हलवत नव्हते. त्यांची भीती मला कळत होती, कारण तीच मलाही वाटत होती. त्या दिवशीची गप्प बसलेली बाई आमची होती. आजची शब्द बोलली, पण ही कोण?

पुढे तर ते नाव थांबेचना. घरी आल्यावर पाणी मागताना तेच नाव. पायाला मुंगी चावली, तेच नाव. मला हाक मारताना, घरमालकिणीला निरोप देताना, तेच. ‘आवं’, ‘न्हाई’, ‘च्या’ सगळं मागे पडलं आणि त्यांच्या जागी ते येऊन बसलं. जन्मभर जो शब्द तिच्या तोंडून उघड आला नव्हता, तोच तेवढा तिच्याजवळ उरला. ताई म्हणाल्या, असं होतं, एखादा शब्द वर येऊन अडकतो, दुसऱ्याला वाट देत नाही, हळूहळू सुटेल, घाबरू नका. मी डॉक्टरबाईंना एकटीने गाठून विचारलं, बोलण्याच्या जागेजवळच माणसाला आवरून धरणारंही काही असतं का? जे तिला एवढी वर्षं अडवत होतं ते आपण बंद तर नाही केलं? त्यांनी प्रश्न टाळला नाही. म्हणाल्या, तो भाग शब्द निवडतो आणि नको ते शब्द थांबवतोही. तुमचा प्रश्न बरोबर आहे, उत्तर माझ्याकडे नाही. त्यांना खरा प्रवाह मिळाला की नाही हेही मला माहीत नाही. हे आजारामुळेही असू शकतं. अभ्यास संपेपर्यंत ते उघडता येणार नाही, आणि उघडल्यावरही या एका गोष्टीचं उत्तर त्यात असेलच असं नाही.

मी त्यांचे आभार मानले. मनापासून मानले. खोटं सांगून माझी समजूत घातली असती तर त्या दिवशी मला ते गोडही लागलं असतं.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली तेव्हा आईला गावी घेऊन गेलो. आमच्या आळीत बातमी आधीच पोचली होती. नव्या सुना दारातून वाकून बघायच्या. आईने नाव घेतलं की तोंडात पदराचा बोळा कोंबून हसायच्या. एक म्हातारी ओट्यावरून म्हणाली, “लय बरं झालं बया, आता उखाणा घ्यायचं काम न्हाई.” वाईट मनाने म्हणाली नाही. पण तात्यांनी त्यानंतर आईला दारात बसवणं बंद केलं. तिने नावाने हाक मारली तर ते उत्तर द्यायचे नाहीत. ऐकू न आल्यासारखे दुसरीकडे बघायचे, आणि ती गप्प झाली की मग उठून तिला काय हवं ते बघायचे. मला राग यायचा आणि त्यांची कीवही यायची. ते अजून त्या जुन्या हाकेची वाट बघत होते.

थोरले चुलते आईला भेटायला आले ते त्याच आठवड्यात. त्यांचं गावात वजन आहे, आणि आई त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू द्यायची नाही. त्यांना पाहून मला धास्ती वाटली. तात्यांनाही वाटली असावी, कारण त्यांनी चुलत्यांना बाहेरच्या खोलीतच बसवलं. पण मधल्या दारातून आई दिसत होती, खाटेवर बसलेली, डोक्यावर पदर नसलेली. आजारपणात कोण पदर सांभाळतो.

चुलत्यांनी तब्येतीची चौकशी केली. पावसाची, शेळ्यांची गोष्ट निघाली. पाहुणा आला आणि अजून पाणी दिलं नाही, हे मला कळायच्या आत आईला कळलं. तिने आतून हाक मारली. तात्यांचं नाव. मोठ्याने, त्यांच्या थोरल्या भावासमोर.

चुलत्यांनी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवली. 

मी आईकडे पाहत होते. तिचं तोंड अजून अर्धवट उघडं होतं. तिने आमच्याकडे पाहिलं, चुलत्यांकडे पाहिलं, आणि तिचा डावा हात मानेमागे गेला. पदर खाली, उजव्या खांद्यावरून घसरून लोळत होता. डाव्या हाताला तो सापडेना. तिने चाचपडून त्याचं टोक धरलं, ओढलं, ते सुटलं. पुन्हा धरलं. या वेळी तो डोक्यावर आला, आणि तिने तोच तसाच पुढे आणून तोंडावर धरला, उखाण्याचा शेवटचा शब्द घेताना धरायची तसा. फक्त शब्द आधी जाऊन चुकला होता.

ती निव्वळ हाताची सवय असेल. डॉक्टरबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, एका गोष्टीवरून सांगू नये. मी त्यांना ते फोनवर सांगितलं तेव्हा त्या खरोखरच तसं म्हणाल्या, पण जरा थांबून.

तात्यांनी ते पाहिलं होतं. ते दाराकडे तोंड करून बसले होते, त्यांना न दिसणं शक्यच नव्हतं.  मग गुडघ्यावर हात ठेवून उठले.

“व्हय,” ते आतल्या दिशेने म्हणाले. “आणतू पाणी.”

त्या नावाला त्यांनी दिलेली ती पहिली ओ होती. ते मोरीपाशी जाऊन तांब्या भरू लागले. चुलते कॅलेंडरच वाचत होते. आईच्या हातातून पदर पुन्हा घसरला, आणि तिने तो पुन्हा शोधायला घेतला.